उद्या काहीही झालं तरी

मे महिना सरत आला की महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात एकच प्रश्न तोंडी असतो: पाऊस कधी, आणि किती? उत्तरं देणारे पुष्कळ आहेत. गुढीपाडव्याला पंचांग वाचून वर्षाचं पर्जन्यमान सांगून झालेलं असतं. अक्षय्य तृतीयेला बुलडाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला, शेतात घटमांडणी झालेली असते. मधल्या खड्ड्यातली चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, भोवती मांडलेली धान्यं म्हणजे त्या त्या पिकाचं नशीब. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून सांगितलेलं भाकीत ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. यंदा मृगाचं वाहन कोल्हा की म्हैस, यावर पारावर बोलणं चालू असतं. हवामान खात्याचा अंदाज वर्तमानपत्रात येतो, आणि मोबाइलवर रोज नवा अंदाज सांगणारी माणसंही आता गावोगावी ऐकली जातात.

यातल्या कुणाचीही टवाळी मला करायची नाही. ज्याच्या घरचं वर्षभराचं पोट आभाळाकडे डोळे लावून आहे, त्याला उद्याची चाहूल घ्यावीशी वाटणारच. घटमांडणीला शास्त्राचा आधार नाही, तरी तिथे जमलेल्या माणसांची काळजी खरी आहे. मला वेगळं काही म्हणायचं आहे. आशेबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा भाकिताबद्दलच बोलत असतो. उद्या चांगला आहे असं कुणी सांगितलं की हुरूप येतो, वाईट आहे म्हटलं की तो जातो. कोरडवाहू शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जिच्यावर तगला ती आशा निराळी. उद्या काहीही झालं तरी घर उभं राहील एवढी तजवीज आजच्या आज करून ठेवायची, ही त्याची आशा. ही तजवीज एकट्याच्या बळावर पुरी होत नाही. तिची अर्धी बाजू घर सांभाळतं, उरलेली अर्धी समाजाला सांभाळावी लागते. गेल्या काही दशकांत घराची बाजू मोडत गेली. आणि समाजाची बाजू महाराष्ट्राने एकदा मोठ्या हिमतीने उभी केली, मग तिच्याकडे पाठ फिरवली. मला तक्रार करायची आहे ती या दुसऱ्या गोष्टीची.

भाकिताची गोष्ट आधी संपवतो. भारताचं हवामान खातं १८७५ साली स्थापन झालं आणि लगेच पुढच्या वर्षी दख्खनवर दोन वर्षांचा भीषण दुष्काळ कोसळला. त्यानंतर खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे सरकारने पावसाचा आगाऊ अंदाज मागितला. हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून दुबळा जातो, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. १८८६ पासून असे अंदाज नियमाने निघू लागले. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या आणि प्रशांत महासागरावरच्या घडामोडींचा आपल्या पावसाशी असलेला संबंध दाखवला. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर अजून सिमला ऑफिस चौक म्हणतात. दीडशे वर्षांचं हे काम थोर आहे. चक्रीवादळाची सूचना आज किनाऱ्यावर वेळेत पोचते आणि माणसं वाचतात, ते याच कामामुळे.

पण हंगामाचा अंदाज हा मुळात मोठ्या प्रदेशाचा असतो. जून ते सप्टेंबर देशाची सरासरी साधारण ८७ सेंटिमीटर. तिच्या ९६ ते १०४ टक्क्यांत पाऊस बसला की वर्ष सर्वसाधारण. अशा सर्वसाधारण वर्षातही एखाद्या तालुक्यात जुलैचे तीन आठवडे कोरडे जातात आणि सप्टेंबरात काढणीला आलेलं पीक पाण्यात उभं राहतं. बेरीज बरोबर येते, शेत मात्र गेलेलं असतं. राज्यातली सुमारे ८० टक्के शेती कोरडवाहू आहे, म्हणजे इतक्या जमिनीवरचे निर्णय अपुऱ्या माहितीवरच घ्यावे लागतात. अंदाज सुधारत जातील आणि ते सुधारायलाच हवेत, पण ही अपुरी माहिती पूर्ण होईल अशा भरवशावर कुणालाही बसता येणार नाही.

म्हणून तो निर्णय जवळून पाहावा. मृगाचा पहिला पाऊस पडतो, मातीचा वास सुटतो, आणि शेजारच्या रानात ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र फिरू लागतं. कृषी विद्यापीठं दरवर्षी सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका. सांगणं बरोबर आहे. पण ते पाळायला जे लागतं ते फार थोड्यांकडे असतं. ट्रॅक्टरवाला आज मोकळा आहे, परवा नसेल. मूग-उडीद लवकर पेरला तर साधतो. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, वापसा आहे, टाकून घे. बायको म्हणते, बियाण्याची पिशवी उधारीवर आणली आहे, ती दोनदा आणता येणार नाही, थांबा. पेरलं आणि पावसाने ओढ दिली की कोंब मातीतच करपतात. मग दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, खत पुन्हा, ट्रॅक्टर पुन्हा, आणि या खेपेला कृषी सेवा केंद्रातली उधारी किंवा सावकाराचं व्याज. एका घरातला हा अर्ध्या दिवसाचा निर्णय पुढच्या दोन-तीन वर्षांचा जमाखर्च ठरवतो.

त्याच्या आधी, मे महिन्यातच, एक छोटं काम करायचं असतं. त्याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मला ज्या आशेबद्दल बोलायचं आहे ती तिथे हाताने धरून दाखवता येते. घरच्या सोयाबीनमधून न निवडता शंभर दाणे घ्यायचे. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठवडाभरात गुंडाळी उलगडून निरोगी कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर एकरी तीस किलोचं नेहमीचं प्रमाण पुरतं. कमी आले तर बियाणं वाढवायचं, फारच कमी आले तर ते बियाणं बाजूला सारून दुसरं बघायचं. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते; मळणीयंत्र जोरात फिरलं, पोत्यांची थप्पी उंच रचली, पोती आपटली, की दाणा बाहेरून चांगला दिसतो आणि आत मेलेला असतो. २०२० च्या खरिपात बियाणं उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्याने गोणपाट ओलं केलं, त्याला हे पेरणीआधी कळतं आणि हातात अजून वेळ असतो. एका गोणपाटाच्या तुकड्यात मावेल एवढंच हे काम, पण आपल्या हातात असलेला भाग कोणता आणि नसलेला कोणता, हे ते स्वच्छ वेगळं करून दाखवतं. पाऊस हातात नाही. दाणा जिवंत आहे की नाही हे बघणं हातात आहे.

असं आणखी किती सांगावं. दर काही ओळींनंतर तुरीची ओळ टाकणं: सोयाबीन साडेतीन महिन्यांत निघतं, तुरीची मुळं खोल जातात आणि ती थंडीत हाताशी येते, एकाने मान टाकली तरी दुसरं काही देतं. सगळं रान एकाच दिवशी न पेरणं. पूर्वी ज्वारीत तूर, मूग, अंबाडी, तीळ मिसळून पेरत, म्हणजे माणसाला भाकरी, गुराला कडबा आणि पावसाच्या प्रत्येक स्वभावाला पुरून उरणारं एखादं पीक. पुढच्या वर्षीचं बी राख लावून मडक्यात ठेवलं जाई आणि घरात कितीही ओढाताण असली तरी त्या मडक्याला हात लागत नसे. बहुधा ते घरातल्या बाईच्या ताब्यात असे. उपाशी दिवसातही बियाणं न खाणं यापेक्षा ठाम विश्वास उद्यावर कुणी टाकला असेल, असं मला वाटत नाही. आणि तो विश्वास पाऊस चांगला होईल यावर टाकलेला नव्हता. पाऊस कसाही झाला तरी आपल्याला पेरायचं आहे, यावर होता.

ही घरातली बाजू मोडली कशी? शेतकऱ्याने ती अडाणीपणाने मोडली असं शहरात कुणी कुणी म्हणतं. ते चूक आहे. ज्वारीला भाव नव्हता, काढणीला मजूर नव्हते, पाखरं राखायला पोरं नव्हती, कारण पोरं शाळेत होती आणि तिथेच असायला हवी होती. कापूस आणि सोयाबीन रोख पैसा देत होते, आणि दवाखाना, शाळा, लग्न यांना रोखच लागते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याचं संकरित बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. सोयाबीन घरचं ठेवता येतं, पण ते राखण्याची सवयही पिशवीबंद बियाण्यासोबत सुटत गेली. तुकडे पडून जमीन एवढी लहान झाली की तिच्यात चार पिकं मांडायला शेतकरी धजावत नाही. सगळा डाव एका पिकावर आला. आता पाऊस वेळेवर हवा, कीड नको, भाव हवा, काढणीत पाऊस नको. हे सगळं एकदम जमलं तर वर्ष निभावतं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला तेव्हा त्या घरांकडे दुसऱ्या पिकाची ओळ नव्हती. यालाही आपण आशाच म्हणतो. शेतकरी आशेवर पेरतो, असं कौतुकाने लिहितो. माझ्या मते तो तिथे आशेवर पेरत नाही. पर्याय काढून घेतल्यावर उरलेली एकच वाट तो चालत असतो.

म्हणून सकारात्मक विचारांची जी व्याख्यानं गावोगावी होतात, त्यांचा मला त्रास होतो. मन खचू देऊ नका, उद्याचा सूर्य तुमचा आहे, असं माणसाला सांगायचं आणि त्याच्या उधारीच्या वहीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे क्रूर आहे. खचलेल्या माणसाला ऐकून घेणारं कुणी हवं, समुपदेशन हवं, औषधोपचार हवेत. याबद्दल वाद नाही, आणि ते जिल्ह्याच्या गावापुरतं न राहता तालुक्यात, गावात पोचायला हवं. पण विदर्भ-मराठवाड्यात ज्यांनी जीव दिला ते धैर्यात कमी पडले, असं सुचवण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्यातले कित्येक दुबार, तिबार पेरणी केलेले होते. धैर्य आणखी किती दाखवायचं असतं?

आता समाजाच्या बाजूकडे येतो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला ती माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. मिलोची लाल भाकरी, सुकडी, खडी फोडायला गेलेले आईबाप, पाझर तलावाच्या भरावावर झोळीत झोपवलेलं तान्हं मूल, हे त्यांच्या बोलण्यात अजून येतं. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. नाला बांध, रस्ते, तलाव, खडी. दुष्काळ भयंकर होता, पण शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळासारखी माणसं रस्त्याकडेला मेली नाहीत. याचं श्रेय त्या कामांना आणि त्या कामांसाठी रस्त्यावर उतरलेल्या चळवळींना आहे.

दुष्काळात कामं काढणं नवीन नव्हतं. इंग्रजांच्या काळापासून तशी रीत होती. मात्र दुष्काळ आहे की नाही हे साहेब ठरवत असे. कामं कधी काढायची, कधी बंद करायची, मजुरी किती द्यायची, तेही तोच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी हे उलटं केलं. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात त्यांनी छोट्या प्रमाणावर प्रयोग करवून घेतला होता. त्यातून त्यांची खात्री झाली की काम मागण्याचा निर्णय मजुराकडे असावा आणि देण्याचं बंधन सरकारवर. रोजगार हमी योजना तिथून वाढली. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं, देता आलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. केंद्राने २००५ मध्ये केलेला शंभर दिवसांच्या कामाचा कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

यासाठी पैसा कुठून आला, हे शहरातल्या वाचकाने आवर्जून लक्षात घ्यावं. १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला तो या योजनेसाठी. पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते हेच. मुंबईतल्या कारकुनाने, पुण्यातल्या प्राध्यापकाने जतच्या किंवा आष्टीच्या मजुराच्या उद्यासाठी आजच्या पगारातून वाटा द्यायचा, असा हा करार होता, आणि सगळ्या पक्षांनी तो मान्य केला होता. महाराष्ट्राच्या इतिहासात शहराने गावाला दिलेला इतका सरळ शब्द मला दुसरा आठवत नाही. आज तो कर भरणाऱ्या बहुतेकांना हे माहीत नसतं. आपण दिलेला शब्दच आपण विसरलो आहोत.

त्या शब्दाने काय होत होतं ते पाहा. पेरणी फसली तर गावातच काम मिळेल हे ठाऊक असलेली बाई शेळ्या पडेल भावात विकत नाही. बैलजोडी दावणीला राहते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, दसऱ्याआधी मुकादमाची उचल घ्यावी लागत नाही. बीड, अहिल्यानगर भागातली ऊसतोडीची जोडपी उचल घेतात तेव्हा पुढचे पाच-सहा महिने विकून मोकळी होतात. कुठे जायचं, किती तास तोडायचं, आजारी पडलं तर काय, पोरांची शाळा कोणती, हे त्यानंतर त्यांच्या हातात राहत नाही. ज्याने उद्याचा दिवस आधीच विकला आहे, त्याला निवड कसली करायची? हमी असेल तर तो दिवस विकायची वेळ येत नाही. मी आशेला तजवीज म्हणतो ते या अर्थाने. काम मिळण्याची खात्री एखाद्या बाईला थांबायची, नाही म्हणायची, भाव वाढेपर्यंत धान्य ठेवायची ताकद देते.

योजनेत खोट शिरली, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. खोटी हजेरीपत्रकं झाली, खडीचे ढीग तसेच पडून राहिले, यंत्रांनी कामं करून मजुरांची नावं लावली गेली. पण मला सर्वांत जिव्हारी लागतात त्या दोन साध्या गोष्टी. काम मागितल्याची पोचपावती न देणं आणि मजुरी उशिरा देणं. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, म्हणजे कायदा पुस्तकात राहतो. आणि आठवड्याच्या बाजाराला लागणारी मजुरी तीन महिन्यांनी खात्यात आली, तर मधल्या काळात सावकार गाठलेला असतो. रक्कम पूर्ण दिली तरी हमी मोडलेलीच असते. एकदा मोडलेली हमी माणूस पुढच्या वर्षी मोजणीत धरत नाही. मग कामाला कुणी येत नाही असा अहवाल जातो आणि योजनेची गरज संपली असं ठरवणं सोपं होतं.

सगळ्यांनी मिळून तजवीज करण्याचा मार्ग महाराष्ट्राने पाण्याबाबतही पूर्वीच पाहिलेला आहे. १८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात शेतकऱ्याच्या दैन्याचं वर्णन करून ते थांबले नाहीत. जागोजाग बंधारे घालून पावसाचं पाणी जमिनीत मुरवावं, त्यासाठी सरकारने आपल्या फौजेतल्या रिकाम्या हातांना कामाला लावावं, असं त्यांनी नेमकेपणाने सुचवलं. बहात्तरच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्याने पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी द्यायचं, भूमिहीनालाही त्यात हिस्सा, आणि ऊस लावायचा नाही. हे नियम आजही कुठे काढले तरी भांडण होईल इतके धीट आहेत. हिवरे बाजारने पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावात पर्जन्यमापक बसवला आणि पडलेला पाऊस मोजून त्या वर्षी कोणती पिकं घ्यायची हे ग्रामसभेत ठरवायला सुरुवात केली. पाऊस कमी तर जास्त पाण्याची पिकं बंद. शेतीसाठी कूपनलिका नाही.

या गावाचं नाव आदर्श गाव म्हणून इतक्यांदा घेतलं गेलं आहे की त्यातली अवघड गोष्ट झाकली जाते. मला ती अवघड गोष्ट महत्त्वाची वाटते. स्वतःच्या विहिरीत आज पाणी दिसत असताना शेजाऱ्याच्या उन्हाळ्यासाठी ते न उपसणं, हे दरवर्षी नव्याने ठरवावं लागतं. एकदा शपथ घेऊन भागत नाही. आणि एकट्याने हे केलं तर तो मूर्ख ठरतो, कारण त्याने न उपसलेलं पाणी शेजारी उपसतो. सगळ्यांनी मिळून केलं तरच ते शहाणपण. आशा एकट्याची असू शकत नाही, हे मला सर्वांत स्पष्ट दिसतं ते जमिनीखालच्या पाण्यात.

घरातली बाजू पुन्हा उभी करता येते का? येते. १९९३ च्या लातूर-उस्मानाबाद भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ही संस्था वाढली. प्रेमा गोपालन यांच्या या संस्थेने मराठवाड्यातल्या बायकांसोबत एक एकराचं काम केलं. घरच्या जमिनीतला एक एकर किंवा त्याहून लहान तुकडा बाईने मागून घ्यायचा आणि त्यात धान्य, डाळी, भाज्या अशी मिसळ पिकं, कमी पाण्यात, घरच्या बियाण्यावर आणि घरच्या खतावर घ्यायची. बाकीच्या रानात नवऱ्याने सोयाबीन लावावं. सोयाबीन गेलं तरी ताटात डाळ-भाकरी राहते. २०१६ मध्ये या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्यात पुरस्कारापेक्षा तो तुकडा मागण्याची गोष्ट मोठी वाटते. सातबाऱ्यावर जिचं नाव नाही, तिने वर्षाच्या सुरुवातीला घरात बसून, या एकराचं मी ठरवणार, असं म्हणणं सोपं नाही. जुन्या मडक्यातलं बी जिच्या ताब्यात होतं, तिच्याकडे निर्णयाचा थोडा हिस्सा परत आला.

यावर एक आक्षेप मी ऐकला आहे आणि तो वजनदार आहे. अशी सावध मांडणी माणसाला जागच्या जागी ठेवते, असं तरुण पोरं म्हणतात. डाळ-भाकरीची खात्री म्हणजे स्वप्न नव्हे. आम्हाला गावाबाहेर जायचं आहे, वेगळं काही करायचं आहे. त्यांचं म्हणणं खरं आहे आणि त्यांनी जावं. पण कोण जाऊ शकतं ते पाहावं. ज्याच्या घरी एक वर्ष फसलं तरी चूल पेटते, तोच मुलगा दोन वर्षं शिकायला शहरात राहतो, तीच मुलगी पहिली नोकरी पटली नाही तर सोडते. ज्याच्या घरात काहीच शिलकीत नाही त्याला हाती येईल ते पहिलं काम धरावं लागतं. जोखीम घेण्याची मुभा शिलकीतून येते. नवं पीक, नवी बाग, प्रक्रियेचा छोटा धंदा यांत उतरलेले शेतकरी पाहिले तर त्यांच्यामागे बहुधा कुणाची तरी पगाराची नोकरी, नाहीतर बारमाही विहीर दिसते. धाडस कमी असणाऱ्यांचा हा प्रश्न नाही, पाठीशी काही नसणाऱ्यांचा आहे.

पीक विम्याकडे याच नजरेने पाहायला हवं. २०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत खरिपातल्या धान्य-तेलबियांना विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरायचा. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो एक रुपयावर आणला आणि २०२५ मध्ये पुन्हा मूळ पद्धतीवर नेला. हप्ता किती यावर भरपूर वाद झाले. भरपाई मात्र महसूल मंडळाच्या सरासरीवर अडते, आणि मंडळात एका शिवारात गारपीट, दुसऱ्या शिवारात ऊन असतं. ज्याला आपल्या शेताचं नुकसान मोजलं जाईल याची खात्री नाही, तो विम्याकडे पेरणीचा निर्णय घेताना पाहतच नाही. २०२५ च्या सप्टेंबरात सीना आणि तिच्या आसपासच्या नद्यांनी सोलापूर, धाराशिव, बीडमध्ये पिकांबरोबर मातीही खरडून नेली. टँकरवर जगलेल्या गावांत माणसं छपरावर चढली. हा उद्या कुणाच्याही हिशेबात नव्हता. वाहून गेलेली माती एका हंगामात परत येत नाही. तिथे एका वर्षाची मदत जाहीर करून विषय संपवणं म्हणजे त्या घरांना पुढची सगळी वर्षं एकटं सोडणं.

येणारी वर्षं कशी असतील, याबद्दल जाणकार एवढं नक्की सांगतात की पावसाचे दिवस कमी आणि प्रत्येक दिवसाचा पाऊस जास्त, अशा बाजूला आपण सरकत आहोत. म्हणजे भाकितावर टेकणं अधिक अवघड होणार आणि तजवीज अधिक लागणार. ती करण्याची साधनं महाराष्ट्राकडे आहेत. बरीचशी महाराष्ट्रानेच शोधलेली आहेत. म्हणून वाचकाला एक विनंती करतो. तुमचं मूळ गाव असेल तर १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे यांपैकी एका ग्रामसभेला यंदा जा. कामांचा आराखडा तयार आहे का, काम मागणाऱ्याला पोचपावती मिळते का, मजुरी किती दिवसांनी येते, गावात पर्जन्यमापक आहे का, हे चार प्रश्न उभं राहून विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. गाव नसेल आणि पगारातून व्यवसाय कर कापला जात असेल, तर तो कर कशासाठी सुरू झाला होता हे तुमच्या आमदाराला पत्राने विचारा. तो पैसा तुमचा आहे आणि त्यावर दिलेला शब्दही तुमचाच आहे.